आण्णांच्या लॅपटॉपचं पातं

मंगळवार पेठेत आकाराम सुतार कुठं राहतात असं विचारलंत, तर पावणं, तुम्हाला चार गल्ल्या फिरवून पुन्हा होता तिथंच आणून सोडतील. पण ‘पॅटर्नवाले आण्णा’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत पोचवतंय. आत शिरलं की डाव्या हाताला सागवानी टेबल, टेबलावर लाकडाचा भुसा, आणि त्या भुशात, देवा रे, एक लॅपटॉप. ज्यांनी तो लॅपटॉप बनवला त्यांनी हे बघितलं असतं तर ढसाढसा रडले असते. आण्णा मात्र एक फुंकर मारून भुसा बाजूला सारायचे आणि माउस हातात घ्यायचे, पटाशी धरावी तसा अंगठा दाबून.

आण्णांचं वय एकसष्ट. बिद्रीजवळच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी कोल्हापुरात आले ते मामाच्या हाताखाली पॅटर्न करायला. आता पॅटर्न म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. समजा, पाण्याच्या पंपाचं लोखंडी कवच ओतायचं आहे. तर आधी तेच कवच लाकडात करायचं. ते वाळूत दाबून काढून घ्यायचं, आणि मागं जी पोकळी राहते तीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा. कुठं किती मोठा, जाड भिंतीला किती, पातळ भिंतीला किती, कोपरा किती गोल केला म्हणजे ओतकाम तडकत नाही, हे पुस्तकात असतं म्हणे. आण्णांच्या ते बोटांत होतं.

बेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. मध्ये जग बदललं. लाकूड हातानं तासायच्या जागी मशीन आलं आणि मशीनला कॉम्प्युटरवरचं चित्र लागायला लागलं. बरोबरीचे मिस्त्री एकेक करून घरी बसले. आण्णा नाही बसले. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी राजारामपुरीतल्या एका क्लासात नाव घातलं, आणि वीस-वीस वर्षांच्या पोरींच्या शेजारी बसून चार महिन्यांत पंपाचं चित्र तिन्ही बाजूंनी फिरवून काढायला शिकले. पोरी हसायच्या. शेवटच्या महिन्यात त्याच पोरी येऊन विचारायच्या, “आण्णा, ही गोलाई कशी घ्यायची?” आण्णा एवढे खूश व्हायचे की दुसऱ्या दिवशी जाताना त्यांच्यासाठी चिक्की न्यायचे.

तर असा माणूस. आणि अशा माणसाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्यांच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकारखान्यात, लोक काय म्हणायला लागले? ‘आण्णा स्लो झालेत.’

अरे स्लो कोण झालं होतं ते बघा तरी! गुडघे दुखायला लागल्यापासून आण्णा घरूनच चित्रं काढून देत होते, आणि त्यासाठी कंपनीनं त्यांना जो लॅपटॉप दिला होता तो ऑफिसातल्या सगळ्यांनी वापरून टाकून दिलेला. पंपाचं चित्र उघडायला सांगितलं की तो ठोंब्यासारखा बसून राहायचा. आण्णांच्या बायकोला, बनाबाईंना, त्याची सवय झाली होती. चित्र उघडायला लावलं की त्या चहा टाकायच्या. चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाले तरी पडद्यावर ते गोल कडं फिरतंच असायचं. काम साठवून ठेवायला सांगितलं की पुन्हा तेच. आण्णा म्हणायचे, “ह्याच्यापरास लाकूड तासून झालं असतं की गं.”

पण खरा त्रास वेगळाच होता, आणि तो आण्णांनी कुणाला सांगितला नव्हता. चित्र उघडेपर्यंत त्यांना आठवायचं नाही की आपण ते कशासाठी उघडलंय. बोट माउसवर, आणि डोकं रिकामं. ‘इथं काय करणार होतो मी?’ असं ते भिंतीला विचारायचे. एकदा झालं, दोनदा झालं, दहादा झालं. मग त्यांना वाटायला लागलं, लोक म्हणतात ते खरं असेल. लॅपटॉप नव्हे, आपलंच डोकं मंदावलंय. माणसाला स्वतःविषयी असं वाटायला लागलं ना, की दुसऱ्या कुणी काही बोलायची गरजच राहत नाही.

अशात ऋतुराजनं बोलावलं. ऋतुराज म्हणजे फाउंड्रीच्या मालकांचा मुलगा, आता कारभार तोच बघतो. पोरगा वाईट नाही, पण घाईतला. त्यानं आण्णांच्या पुढ्यात एका मोठ्या पंपाचे कागद टाकले.

“आण्णा, ह्या कवचाचं चित्र पायजे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाला. जमलं तर पुढची कामं तुमचीच.”

“आन् न्हाय जमलं तर?”

“न्हाय जमलं तर पुण्याची एक पार्टी हाय, ती सगळंच करून देतीय. तुम्ही आता आराम करा की आण्णा. लई केलंसा.”

आराम! त्या शब्दाचा आण्णांना परतीच्या एसटीतही राग येत राहिला. त्यांना आराम नको होता. त्यांना काम हवं होतं. आणि त्याहून जास्त हवं होतं ते हे, की आपण अजून कामाचे आहोत एवढं एकदा तरी कुणीतरी, निदान आपण स्वतः, डोळ्यांनी बघावं.

पुढचे दोन आठवडे चित्र गोगलगायीसारखं सरकलं. घटस्थापना दोन दिवसांवर आली तेव्हा आण्णांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चमनचं दुकान गाठलं.

चमन शिकलगार. त्याचे वडील याच पेठेत पटाश्या आणि करवती पाजळायचे. आण्णांच्या रंध्याची पाती बेचाळीसातली तीस वर्षं तरी त्यांच्याच सहाणेवर गेली. मुलानं सहाण सोडली आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान काढलं, पण आण्णांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. हत्यार बोथट झालं की शिकलगाराकडं न्यायचं, एवढंच त्यांना माहीत.

चमननं लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण काढलं. “आण्णा, डिस्क जुनी हाय. हिच्यामुळं सगळं रखडतंय. नवी जलद डिस्क टाकली की पळतंय बगा.”

“हात लावू नगंस तिला. कंपनीचं शील हाय तिच्यावर. चित्राच्या प्रोग्रामची परवानगी त्याच डिस्कला बांधलीया म्हणं. डिस्क बदलली की प्रोग्राम बंद.”

चमननं हनुवटी खाजवली. मग बोटानं आतली एक रिकामी फट दाखवली. “मग हितं जागा हाय. एका मेलेल्या लॅपटॉपातला छोटा एसएसडी, म्हंजे जलद डिस्कच, पडलाय माज्याकडं. बत्तीस जीबी फकस्त. त्यात तुमचं सगळं मावायचं न्हाय, पण मावायची गरजच न्हाय.”

“म्हंजे?”

“काकी मीठ कुठं ठेवत्यात?”

“चुलीपाशी. डब्यात.”

“आन् वर्साचं पोतं?”

“माळ्यावर.”

“हां. तर ही मोठी डिस्क म्हंजे तुमचा माळा. आन् हा छोटा म्हंजे चुलीपाशीचा डबा. तुम्ही जे परत परत मागताय ते हा आपणहून बगून ठेवतोय आन् आपल्यापाशी आणून ठेवतोय. पयल्यांदा मागशीला तर माळ्यावरनंच येणार, येळ लागणार. दुसऱ्यांदा झट. ह्याला कॅशे म्हन्त्यात. शील तुटत न्हाय, परवानगी जात न्हाय.”

आण्णांनी तो तुकडा तळहातावर घेतला. बिस्किटाएवढा हिरवा पत्रा, एका कडेला सोनेरी दात. चमननं तो फटीत तिरका सरकवला, दाबला, एका बारक्या स्क्रूनं धरला. आण्णा डोळे बारीक करून बघत होते. कारागीर माणूस, दुसऱ्याचा हात चालताना बघितला की तो त्याच्या ध्यानात राहायचाच.

पुढचं मात्र चमनला घाम फोडणारं निघालं. लॅपटॉप सुरू व्हायच्या आधीच्या निळ्या पडद्यात जाऊन डिस्कची रीत बदलायची होती. ती बदलली आणि लॅपटॉप काळा ठिक्कर. दोनदा, तीनदा. चमन मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत होता आणि आण्णा उघड उघड अंबाबाईचं. चौथ्यांदा तो सुरू झाला. मग चमननं एक छोटा प्रोग्राम टाकला. त्या प्रोग्रामनं विचारलं, वेग कुठल्या रीतीनं वाढवायचा? रिती दोन होत्या. पहिली सावध: जे साठवाल ते डब्यात आणि माळ्यावर एकाच वेळी जाणार. दुसरी पुऱ्या जोराची: आधी फक्त डब्यात, माळ्यावर मागाहून सवडीनं.

“आण्णा, साठवायला किती येळ लागतोय?”

“इचारू नगंस.”

चमननं दुसरी रीत निवडली. म्हाताऱ्याचं भलं व्हावं म्हणूनच निवडली. त्यात धोका एकच: माळ्यावर जायच्या आधी डबाच कुणी काढून नेला तर आतलं गेलं. पण लॅपटॉपच्या पोटातून डबा काढून नेणार कोण? म्हणून त्यानं ते आण्णांना सांगितलंही नाही.

त्यानं पंपाचं चित्र उघडायला लावलं. गोल कडं फिरायला लागलं. फिरतच राहिलं. आण्णांचा चेहरा पडला.

“थांबा की. आता बंद करा. आन् परत उघडा.”

आण्णांनी परत उघडलं. आणि ते पंपाचं कवच, बापरे, पडद्यावर असं आलं की आण्णा मागं सरकले. “आयला,” म्हणाले, “हे तर वाटच बगत बसलंतं.”

“आता सगळं काम हाच करतोय आण्णा,” चमन त्या बारक्या फटीकडं बोट दाखवून म्हणाला. “बाकीचं नुसतं खोकं हाय.”

नवरात्राचे ते दिवस आण्णांनी आयुष्यात विसरू नयेत असे गेले. ते मागायचे आणि लॅपटॉप द्यायचा. बनाबाईंनी चहाला आधण ठेवलं की आतून ओरड यायची, “नगं, उघडलं बी!” डोक्यातलं निसटायच्या आत हाताखाली यायचं. अष्टमीच्या संध्याकाळी चित्र पुरं झालं. आण्णांनी ते साठवलं, लॅपटॉप बंद केला आणि ठरवलं, उद्या खंडेनवमी, हत्यार चालवायचं नाही. दसऱ्याला हत्यारं पूजेतून उठवली की चित्र पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कागलला जायचं.

खंडेनवमी आण्णांच्या घरी लोकांसारखी नुसती फूल वाहून होत नाही. मामाची शिकवण अशी, की पूजा करायची ती जे कापतं त्याची, जे नुसतं धरतं त्याची नाही. म्हणून रंधा सोडवून त्याचं पातं वेगळं काढायचं, गिरमिटाचं टोक वेगळं, करवतीचं पान मुठीतून वेगळं. सगळं लखलखीत पुसून तांबड्या कापडावर ओळीनं मांडायचं. लॅपटॉप आल्यापासून आण्णा तोही शेवटी ठेवायचे, पण मनात रुखरुख असायची. अख्खं खोकं ठेवलंय, पातं कुठलं ते ठाऊक नाही. ही काय पूजा झाली?

यंदा ठाऊक होतं.

त्यांनी लॅपटॉप उलटा केला, चमनसारखीच आधी बॅटरी काढली, अकरा स्क्रू वाटीत ओळीनं लावले, तो बारका स्क्रू सोडवला आणि हिरवा तुकडा अलगद ओढून काढला. रंध्याचं पातं आणि करवतीचं पान यांच्या मधोमध ठेवला. वर झेंडूचं फूल. त्या वेळचा त्यांचा चेहरा बनाबाईंनी बघितला. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःची पटाशी विकत घेतली होती, तेव्हा होता तसाच होता तो. बनाबाईंनी मग बोट पाण्यात बुडवून प्रत्येक हत्याराला हळद लावली, कुंकू लावलं. त्या हिरव्या तुकड्यालाही लावलं, सोनेरी दातांच्या बाजूला, कारण तीच बाजू जास्त शोभिवंत दिसत होती.

दसऱ्याच्या सकाळी नारळ फोडून आण्णांनी हत्यारं उठवली. तुकडा पंच्यानं पुसला, फटीत बसवला, स्क्रू आवळले, बटण दाबलं.

काळा पडदा. त्यावर इंग्रजीत चार ओळी, एक ओळ तांबडी. आण्णांनी चष्मा लावून वाचलं. जोडीदार सापडत नाही, त्याच्यापाशी जे आहे ते जाईल, त्याला सोडून पुढं जायचं का, असं काहीतरी लॅपटॉप विचारत होता. हो किंवा नाही, दोनच बटणं. आता तो चित्राचा प्रोग्राम दिवसातून पन्नास वेळा असंच काहीबाही विचारतो आणि प्रत्येक वेळी हो म्हणावं लागतं, नाहीतर गाडं पुढं जात नाही. आण्णांनी सवयीनं हो दाबलं.

लॅपटॉप सुरू झाला. फाईल जागेवर होती. आण्णांनी ती उघडली, तर प्रोग्राम म्हणाला, फाईल खराब आहे, उघडत नाही. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. दोन-दोन प्रती ठेवायची आण्णांना सवय नव्हती. एका कामाचा एक पॅटर्न, दुसरा करतंय कोण? त्यांनी चमनला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “चमन, ये.”

दसऱ्याचं दुकान बंद होतं तरी चमन दहा मिनिटांत आला. त्यानं झाकण उघडलं, तुकडा काढला, उजेडात धरला. सोनेरी दातांच्या फटीत कुंकू सुकून बसलं होतं, त्यामुळंच लॅपटॉपला तो सापडला नव्हता.

“ह्याला कुंकू कुणी लावलं?”

मग सगळं बाहेर आलं. चमन खाली बसला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “चूक माझी हाय आण्णा. दोन रिती होत्या. मी जोराची घेतली. तुमचं साठवलेलं ह्याच्यापाशी व्हतं, माळ्यावर गेलंच न्हवतं. आन् तुम्हाला सांगितलं न्हाय की ह्याला काढू नगा म्हणून.”

“तुजी कशी चूक?” आण्णा म्हणाले. “त्यानं मला इचारलं, जाऊ दे का म्हणून. मीच व्हय म्हटलं.”

“आवो, वलं बोट माजं व्हतं,” बनाबाई दारातून म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही पुसून कोरडं ठेवलंतं. मीच वलं केलं.”

तिघंही चूक आपल्याकडं ओढत होते. असं घर नशिबानंच मिळतं, पण त्यानं चित्र काही परत येत नव्हतं. चमननं तासभर खटपट केली. लॅपटॉपनं जोडीदाराची आशा एकदा सोडली की त्याच्यातलं परत मिळत नाही. शेवटी त्यानं मान हलवली.

आण्णांनी फोन हातात घेतला. “ऋतुराजदादाला सांगतो. आराम करतो म्हणावं.”

काहीतरी बोलायचं म्हणून, फोन लांबवायचा म्हणून चमन म्हणाला, “आण्णा, व्हतं तरी काय त्यात एवढं?”

“काय व्हतं?” आण्णांना एकदम चीड आली. “तुला काय, चौकोन वाटला व्हय?” त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि प्लायवुडच्या तुकड्यावर ओढायला लागले. “हे बग. हितनं पाणी आत येतंय. हा गोल हळूहळू रुंदावत जातोय, हितं चाळीस, हितं बावन, हितं अडुसष्ट. ही भिंत बाराची, ही चवदाची. हितं जाड आन् पातळ मिळतंय, हितं कोपरा गोल न्हाय केला तर लोखंड तडकणार. आत पोकळी ऱ्हावी म्हणून हितं वाळूचा गाभा बसणार, त्याला टेकू पायजे, ह्यो टेकू पंधराचा…” ते बोलत होते आणि पेन्सिल चालत होती. मध्ये कुठं अडलं नाही, कुठं डोकं खाजवलं नाही, कुठं भिंतीला विचारलं नाही.

चमन बघतच राहिला. “आण्णा, हे सगळं तुमच्या ध्यानात हाय?”

“मग कुणाच्या असंल? तुज्या?”

“मग फोन ठेवा की खाली!” चमन ओरडलाच. “काकी, स्पिरिट हाय का? न्हायतर सॅनिटायझर द्या. आन् दातांचा जुना ब्रश.”

त्यानं तुकड्याचे दात घासून लख्ख केले, बसवला, आणि या वेळी सावध रीत निवडली. साठवाल ते दोन्हीकडं जाईल, थोडा वेळ लागला तर लागू दे. सकाळचे अकरा वाजून गेले होते. आण्णांनी कोरं पान उघडलं.

काय सांगू तुम्हाला! पहिले एक-दोनदा लॅपटॉप अडखळला, मग आण्णांची चाल त्याच्या अंगवळणी पडली आणि दोघं असे निघाले की बघणाऱ्याला दम लागावा. बनाबाईंनी पुरणपोळीचं ताट आणून ठेवलं ते तसंच निवलं. बाहेर गल्लीतून दसरा चौकाकडं निघालेली माणसं, पोरं, गाड्यांचे भोंगे, कशाचा पत्ता नाही. चमन घरी जातो म्हणून दोनदा उठला आणि दोनदा परत बसला. एका जागी आण्णा थांबले. चमनला वाटलं, आलं, विसरले! पण आण्णा म्हणाले, “ही भिंत मागल्या टायमाला मला आवडली न्हवती. घाईत तशीच सोडलीती. आता चवदाची सोळा करतो.” आणि केली.

साडेपाचला ते टेकून बसले. पंप पडद्यावर सावकाश फिरत होता. आण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं. महिनाभर ओढत आणलेलं काम एका बैठकीत झालं होतं. मग चष्मा काढला आणि ते रडले, चमनसमोर, बायकोसमोर, काही न लपवता.

“चमन,” ते म्हणाले, “माजं डोकं गेलं न्हवतं रं. मला उगंच वाटत व्हतं.”

चमननं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले तेव्हा आण्णांनी दारात उभं राहून सगळ्यांना सोनं दिलं, लहान पोरांनासुद्धा, आणि गुडघा दुखतोय हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना आण्णा कागलला ऋतुराजच्या केबिनमध्ये हजर. ऋतुराजनं पेनड्राइव्ह लावला, चित्र उघडलं, फिरवलं. चित्रातल्या कवचाच्या आत शिरला, बाहेर आला, भिंती मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. कामात त्याला खोट सापडेना. तेवढ्यात त्याची नजर फाईलच्या तारखेवर गेली आणि कपाळाला आठी पडली.

“आण्णा, ही फाईल काल सकाळी अकरा वाजून धा मिन्टांनी सुरू झालीया. आन् साडेपाचला संपलीया.”

“व्हय.”

“एवढं मोठं कवच एका दिवसात? आमच्या इंजिनियरांना बी जमायचं न्हाय.” त्यानं खुर्ची मागं ढकलली. तो रागावला नव्हता, पण आवाज उतरला होता. “खरं सांगा आण्णा. कुणाकडनं करून घेतलंसा? मी काय बोलणार न्हाय. पण खरं सांगा.”

बेचाळीस वर्षांत आण्णांना असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांना संताप यायला हवा होता. गेल्या महिन्यातले आण्णा असते तर मान खाली घालून सगळी हकिकत सांगत बसले असते, कुंकवापासून. पण आता त्यांना वेगळंच उमगलं. ज्यानं आपल्याला आराम करा म्हणून सांगितलं, त्याला आपण इतकं भराभर काम करू शकतो हे खरं वाटेना झालंय. आणि आण्णांना हसू आलं. आतून आलं, मिशीत मावेना.

काचेपलीकडं बसलेली इंजिनियर पोरं मान वर करून बघायला लागली होती.

“दादा,” आण्णा म्हणाले, “जरा उठा खुर्चीवरनं.”

ऋतुराज गोंधळून उठला. आण्णा गुडघ्यावर हात देत त्याच्या खुर्चीत बसले, पंपाचं चित्र बंद केलं, कोरं पान उघडलं आणि माउस हातात घेतला.

“हां. बोला, काय काढू?”